आतली दोन मिनिटं

केसपेपरची खिडकी आठच्या सुमाराला उघडते, पण रांग साडेपाचलाच लागलेली असते. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या महापालिका रुग्णालयात सोमवारी पहाटे गेलं तर रांगेत माणसांच्या आधी वस्तू दिसतात. पाण्याची बाटली, चपलांचा जोड, एक्स-रेचं पाकीट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. ज्यांच्या त्या वस्तू, ती माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात. बदलापूरहून, विरारहून, पनवेलहून पहिली गाडी पकडून आलेली. काही जण आदल्या रात्रीच येऊन पडलेले. चपलेचा नंबर तोच माणसाचा नंबर, हा इथला नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेला फारसा दिसत नाही. 'नंबर बघा हं, चहा घेऊन येते' एवढं शेजारच्या बाईला सांगितलं की पुरतं.

केसपेपर हातात पडला की एक रांग संपते आणि पुढच्या सुरू होतात. ओपीडीच्या दाराशी एक, रक्त द्यायला एक, एक्स-रेला एक, औषधाच्या खिडकीशी एक. मोठ्या रुग्णालयांत एकेका विषयाची अनेक युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. सोमवारी ज्यांनी तपासलं त्यांनाच पुढेही दाखवायचं. ही पद्धत रुग्णाच्या हिताची आहे, कारण त्याला ओळखणारे डॉक्टर तेच राहतात. पण तिची दुसरी बाजूही आहे. अकराला नंबर लागला, डॉक्टरांनी रक्त लिहून दिलं, तोवर रक्त घेण्याची वेळ संपलेली; शिवाय उपाशीपोटी यायचं. म्हणून मंगळवारी रक्त, बुधवारी रिपोर्ट आणि डॉक्टरांना दाखवायला थेट गुरुवार किंवा पुढचा सोमवार. सोनोग्राफी लिहिली असेल तर तिची 'तारीख' मिळते, आणि ती तारीख कित्येकदा काही आठवड्यांनंतरची असते. एका दुखण्याचं निदान होईपर्यंत तीन-चार खेपा सहज होतात.

या खेपांचा हिशेब मांडून बघावा. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. पेशंटबरोबर एक माणूस लागतोच. दोन माणसं, तीन दिवस, म्हणजे बुडालेली मजुरी १,७८२ रुपये. त्यात गाडीभाडं, रिक्षा, वडापाव, चहा धरलेला नाही. महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर वर्षानुवर्षं दहा रुपयांना मिळत आला आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने तर १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत केले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. निर्णय चांगलाच होता आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण सरकारी रुग्णालयात गरीब माणूस मुख्यतः वेळ मोजतो, आणि ते मोल तेव्हाही तेवढंच राहिलं.

लोक हे मोल ओळखून आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्या घरांनी सांगितलं की आजारपणात आम्ही सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही. का जात नाही, याच्या उत्तरांत 'फार वेळ थांबावं लागतं' हे कारण त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी दिलं. उपचारांच्या दर्जाबद्दलच्या तक्रारीच्या ते अगदी मागोमाग होतं.

* * *

आता दाराच्या आत जाऊ.

एका लांबट खोलीत टेबलं मांडलेली आहेत. एकेका टेबलाशी एक निवासी डॉक्टर, समोर एक स्टूल, स्टुलावर पेशंट, पेशंटच्या मागे दुसरा पेशंट आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारा तिसरा. आडोसा असलाच तर एक हिरवा पडदा, तपासणीच्या टेबलापुरता. दाराशी वॉर्डबॉय नाव पुकारतो. वरिष्ठ डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलाशी, अडलेले पेशंट त्यांच्याकडे पाठवायचे. विद्यार्थी भिंतीला लागून उभे.

समजा, ओपीडी नऊ ते एक आहे. सकाळची वॉर्डातली फेरी आटोपून डॉक्टर येईपर्यंत साडेनऊ होतात. उरली २१० मिनिटं. टेबलं पाच, म्हणजे सगळे मिळून १,०५० मिनिटं. त्या दिवशीचे पेशंट ३५०. भागाकार केला की प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर तीन मिनिटं येतात. त्या तिनांत मागचे कागद चाळायचे, विचारायचं, तपासायचं, केसपेपरवर लिहायचं, तपासण्यांचे फॉर्म भरायचे आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं. मधे कुणी रजेच्या दाखल्यावर सही मागतं, कुणी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं विचारतं, वॉर्डातून फोन येतो. प्रत्यक्ष बोलण्याला मिनिट-दीड मिनिट राहतं. हा डॉक्टर आदल्या रात्री इमर्जन्सीला असू शकतो आणि ओपीडी संपल्यावर पुन्हा वॉर्डात जाणार असतो. त्याच्याकडे बोट दाखवून हा विषय संपवता येत नाही.

२०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ६७ देशांतल्या पावणेतीन कोटींहून अधिक भेटींची माहिती त्यात एकत्र केली होती. प्राथमिक उपचार देणारा डॉक्टर पेशंटला किती वेळ देतो, एवढाच प्रश्न. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. जगातली जवळजवळ निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे ही भेट पाच मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात संपते. मोठ्या रुग्णालयांची ओपीडी या आकड्यांत येत नाही, पण तिथेच दुखणी जास्त गुंतागुंतीची असतात आणि गर्दीही जास्त असते.

दोन मिनिटांत काय होतं? पहिली तक्रार ऐकून होते. 'पोटात दुखतं' इथवर पेशंट येतो. 'आणि रात्री घाम येतो', 'वजन उतरलंय', 'नवरा गेल्यापासून जेवण जात नाही' ही वाक्यं दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला यायची असतात, आणि कितीदा तरी तीच महत्त्वाची असतात. क्षयाचा, नैराश्याचा, घरातल्या मारहाणीचा पहिला धागा तिथेच सापडतो. आपल्याकडची माणसं मूळ दुखण्याकडे वळसा घेऊनच येतात. विशेषतः बायका. पांढरं पाणी जातं हे सांगायच्या आधी त्या कंबरदुखीबद्दल बोलतात, आणि कंबरदुखीची गोळी हातात घेऊन परत जातात. मागे तीन अनोळखी पुरुष उभे असताना त्यांनी दुसरं काय करावं?

हे ऐकून घेणं किती महाग पडतं, याचाही अभ्यास झालेला आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-पेशंट संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडत होते. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात उलट बाजूने प्रयोग झाला, आणि २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांना सांगितलं, पेशंट आपणहून थांबेपर्यंत मधे बोलू नका. ३३५ पेशंट झाले. ते सरासरी ९२ सेकंद बोलले. दर शंभरांतल्या ७८ जणांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत संपलं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले फक्त सात जण, आणि त्यांचं बोलणं महत्त्वाचं होतं असं त्यांच्या डॉक्टरांनीच नोंदवलं.

दीड मिनिट. एवढं ऐकून घ्यायलाही आपल्या ओपीडीत जागा नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत क्लेशकारक वाटतं. पहाटे साडेपाचला निघालेली बाई साडेअकराला स्टुलावर बसते आणि बाराच्या आत बाहेर असते, हातात पुढच्या रांगेचा कागद घेऊन. बाहेरच्या रांगेचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, टोकनची यंत्रं बसतात. आतल्या दोन मिनिटांचा फोटो निघत नाही. ती मोजायची कुणी, हे ठरलेलं नाही, म्हणून ती वाढवण्याची जबाबदारीही कुणावर येत नाही.

* * *

रांग गर्दीमुळे लागते, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेली अर्धी रांग वेळापत्रकातून तयार होते.

एक डॉक्टर आहे. तीस पेशंट. प्रत्येकाला सहा मिनिटं लागतात, म्हणजे तीन तासांचं काम. तिसांनाही नऊला बोलावलं तर पहिल्याला शून्य मिनिटं थांबावं लागतं आणि शेवटच्याला १७४. सरासरी ८७ मिनिटं. आता त्याच तिसांतल्या दहांना नऊला, दहांना दहाला आणि दहांना अकराला बोलवा. सरासरी २७ मिनिटांवर येते. डॉक्टर तोच, काम तेवढंच, बारालाच संपतं. साठ मिनिटं नुसत्या बोलावण्याच्या रीतीने वाचली. प्रत्यक्षात कुणाला चार मिनिटं लागतात, कुणाला पंधरा. कुणी उशिरा येतं, कुणी येतच नाही. आकडे इतके सरळ उतरत नाहीत. पण दिशा हीच राहते.

हे गणित जुनं आहे. रांगांचं शास्त्रच सुरू झालं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. तिथला गणिती एर्लांग याने १९०९ मध्ये एकाच तारेवर येणाऱ्या अनेक फोनांचा विचार मांडला. त्याच्या परंपरेतलं एक साधं सूत्र सांगतं की येणारे अनियमितपणे येत असतील आणि खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर तिच्याशी सरासरी ४ माणसं असतात. ९० टक्के वेळ कामात असेल तर ९, आणि ९५ टक्के असेल तर १९. शंभराच्या जवळ जावं तशी रांग वाढतच सुटते. डॉक्टर एक क्षणही रिकामा बसू नये असा ज्या व्यवस्थेचा हट्ट असतो, तिच्यात रांग अटळ असते.

१९५२ साली नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने हेच रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांना लावून बघितलं. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा तेव्हा चार वर्षांची होती आणि ओपीडीच्या बाकांवर लोक तासन्‌तास बसत होते. बेलीच्या ध्यानात आलं की डॉक्टरांची काही मिनिटं वाचावीत म्हणून पेशंटचे कितीतरी तास खर्ची घातले जात आहेत. त्याने वेल्च या सहकाऱ्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये उपाय मांडला. सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, म्हणजे एक आला नाही तरी काम अडणार नाही. नंतर सरासरी तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक. आणि डॉक्टरांनी वेळेवर यावं, कारण सुरुवातीचा उशीर दिवसभर प्रत्येकाच्या वाट्याला येतो. ब्रिटिश सरकारला याचं लेखी आश्वासन द्यायला १९९१ साल उजाडलं. त्या वर्षीच्या पेशंटच्या सनदेत ओपीडीत दिलेल्या वेळेपासून तीस मिनिटांच्या आत तपासणी व्हावी असं मानक आलं.

मग आपल्याकडे वेळ का देता येत नाही? याला 'लोकांना शिस्त नाही' हे उत्तर मला मान्य नाही. पहाटे चपला ठेवून रांग सांभाळणाऱ्या माणसांना शिस्त शिकवायची गरज नाही. गावाहून येणाऱ्याची वेळ एसटीच्या हातात असते. दिवसातून दोन गाड्या असतील तर साडेअकराची वेळ घेऊन तो काय करणार? आणि दिलेली वेळ पाळली जाईल यावर विश्वास बसायला ती काही महिने सलग पाळली जावी लागते. 'आधी येईल त्याचा आधी नंबर' असेल तर लवकर येणं हेच शहाणपण असतं. सगळेच शहाणे झाले की सगळेच पहाटे येतात. नियम बदलल्याशिवाय वागणं बदलणार नाही. गावच्या गाड्या बघून तासातासाचे गट केले, दूरच्यांना नऊ-साडेनऊचा आणि जवळच्यांना त्यानंतरचा गट दिला, तर मिनिटामिनिटाच्या अपॉइंटमेंटची गरजही पडत नाही.

अलीकडे क्यूआर कोड आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झालेली ही सोय आता देशभर पसरली आहे. फोनवरून कोड स्कॅन केला की नोंदणीची माहिती आपोआप जाते आणि टोकन मिळतं. केसपेपरच्या खिडकीवरचा वेळ त्याने खरोखर कमी होतो. पण आत टेबलं पाचच असतील तर खिडकीशी वाचलेली माणसं ओपीडीच्या दाराशी जाऊन थांबतात. शिवाय स्मार्टफोन नसलेली म्हातारी माणसं अजून जुन्याच रांगेत असतात, आणि त्यांच्याच ओपीडीच्या खेपा जास्त.

* * *

थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असं निरोगी माणसाला वाटतं. आजारी शरीराला थांबणं वेगळं पडतं.

मधुमेहाचा पेशंट उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला असतो. सवयीने सकाळी इन्सुलिन घेऊन आला असेल आणि रांग लांबली, तर साखर उतरून तो तिथेच कोसळू शकतो. बायका पहाटेपासून पाणी पीत नाहीत, कारण बाथरूमला गेलं तर नंबर जाईल, आणि बाथरूम कसं असेल याचा भरवसा नाही. गुडघ्यांच्या पेशंटला गुडघ्यांच्याच ओपीडीबाहेर दोन तास उभं राहावं लागतं. लहान मूल तापाने फणफणलेलं आणि आई त्याला कडेवर घेऊन पुढच्या माणसाची पाठ बघत उभी.

आणि खोकला. बंद, कोंदट बोळात शे-दीडशे माणसं दाटीने बसलेली, त्यांत एखादा थुंकीत जंतू असलेला क्षयाचा पेशंट, निदान अजून व्हायचंय. हवेतून पसरणाऱ्या रोगांपासून दवाखाने कसे सांभाळावेत यासाठी केंद्र सरकारने २०१० सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या. खोकणाऱ्याला दाराशीच ओळखा, मास्क द्या, उघड्या हवेत वेगळं बसवा आणि त्याचा नंबर आधी घ्या, असं त्यांत आहे. याला पैसा जवळजवळ लागत नाही. दाराशी एक माणूस लागतो, ज्याने रांगेकडे बघून कोण खोकतंय, कोण पांढरं पडलंय, कोणाला बसवत नाही हे हेरायचं. आपल्या बहुतेक ओपीडींच्या दाराशी बसलेल्या माणसाला नाव पुकारण्याचंच काम दिलेलं असतं.

थांबण्याच्या जागेचा विचार महाराष्ट्रातच फार सुंदर रीतीने झालेला आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारलं. मोठी इमारत, पांढरे कपडे, अनोळखी भाषा यांची भीती वाटते, नातेवाइकांना थांबायला जागा नसते, आणि तिथे आमचा देव नसतो, अशी उत्तरं आली. संस्थेच्या शोधग्राम या आवारातल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं आणि तो आदिवासी गावाच्या घडणीचा झाला. नातेवाइकांनी पेशंटबरोबर राहावं अशी घरं बांधली गेली. शहरातली बारा मजली इमारत तशी होणार नाही, हे उघड आहे. पण थांबणाऱ्याला विचारून थांबण्याची जागा आखणं कुठेही जमण्यासारखं आहे.

सिंधुदुर्गातल्या लोकांचं थांबणं तर राज्याच्या सीमेवरून सुरू होतं. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा, कुडाळ इथल्या माणसांना मोठं दुखणं आलं की पिढ्यान्‌पिढ्या गोवा जवळचा. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय हेच त्यांचं रुग्णालय. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातल्या पेशंटना शुल्क लावलं. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती, कारण आपल्या करातून चालणाऱ्या रुग्णालयात आपल्याच लोकांना रांगेत थांबावं लागतं ही तक्रार तिथे होती. सिंधुदुर्गात आंदोलन झालं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून वाट काढायचे प्रयत्न झाले. पुढे जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तरी तज्ज्ञाच्या टेबलासाठी पहाटे गाडी करून बांबोळी गाठणारी कुटुंबं आहेतच. दीड-दोन तासांचा प्रवास, तिथली रांग, आतली काही मिनिटं आणि परत.

* * *

खाजगीत वाट बघावी लागत नाही, असं कुणी म्हणू नये. सहाची वेळ घेऊन आठला आत जाणं मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलं आहे, आणि तालुक्याच्या गावी सकाळी सातला कंपाउंडरला फोन करून नंबर लावणं हाही रोजचाच उद्योग आहे. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात केलेला अभ्यास, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. शिकवून तयार केलेली माणसं पेशंट म्हणून डॉक्टरांकडे पाठवली. एकच डॉक्टर सरकारी केंद्रात आणि स्वतःच्या खाजगी दवाखान्यात कसा वागतो, याची तुलना केली. खाजगीत तोच डॉक्टर जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता आणि योग्य उपचार जास्त वेळा करत होता. ज्ञान तेच होतं. दोन मिनिटांचं कारण दरवेळी गर्दीच असतं असं मानणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवायला हवा. सरकारी टेबलावरच्या मिनिटांचा जाब कुणी विचारत नाही, हेही त्याचं एक कारण आहे.

चांगल्या रीतींची उदाहरणं दूर शोधावी लागत नाहीत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, निवृत्तीनंतर, ११ खाटांवर सुरू केलं. तिथल्या ओपीडीत पेशंट डॉक्टरांसमोर येतो तेव्हा त्याची नजर, चष्म्याचा नंबर, डोळ्यातला दाब सगळं प्रशिक्षित मुलींनी तपासून कागदावर लिहिलेलं असतं. या मुली बहुतेक गावांतल्या, बारावी झालेल्या, संस्थेने दोन वर्षं शिकवलेल्या. डॉक्टरांची मिनिटं फक्त डॉक्टरच करू शकतील अशा कामासाठी राखलेली असतात. केरळात २०१७ साली सुरू झालेल्या 'आर्द्रम' मोहिमेत प्राथमिक केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं झाली. तिथे ओपीडी संध्याकाळपर्यंत चालते, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी नर्स वजन, रक्तदाब, तक्रार हे टिपून घेते. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेले 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्याची कल्पनाही याच जातीची होती. धुणीभांडी करणारी बाई काम बुडवल्याशिवाय तिथे जाऊ शकते.

आता पुन्हा त्या पाच टेबलांकडे येऊ. साडेतीनशे पेशंटांत नवे किती आणि जुने किती, हे मेडिसिनच्या कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट यांच्या ठरलेल्या गोळ्या चालू असलेले, प्रकृती स्थिर असलेले, फक्त औषध संपलं म्हणून आलेले पेशंट प्रत्येक ओपीडीत भरपूर असतात. 'त्याच गोळ्या चालू ठेवा' एवढं लिहून घ्यायला ते सकाळ घालवतात. समजा असे दीडशे आहेत. त्यांचा रक्तदाब नर्सने मोजला, साखरेचा रिपोर्ट बघितला, काही वावगं दिसलं तरच डॉक्टरकडे पाठवलं आणि एरवी तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन घरी सोडलं, तर टेबलांसमोर दोनशे उरतात. १,०५० मिनिटांना दोनशेने भागलं की सव्वापाच मिनिटं येतात. वॉर्डातली फेरी ओपीडीच्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे देऊन नऊला टेबलं सुरू झाली, तर १,२०० भागिले दोनशे, बरोबर सहा. तीनाची सहा झाली, एकही नवा डॉक्टर न नेमता. डॉक्टर नेमायला नकोत असं मी म्हणत नाही; रिक्त पदं भरायलाच हवीत. पण ती भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचंही कारण नाही.

हे जमतं, याचा पुरावा त्याच आवारांत आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीचं मोफत औषध सुरू झालं. त्या केंद्रांवर समुपदेशक वेगळे, नोंदी नीट, आणि प्रकृती स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची पद्धत पुढे रुळली. कोविडच्या काळात तर तिचा फार उपयोग झाला. एचआयव्हीच्या पेशंटला जे देता येतं ते रक्तदाबाच्या पेशंटला का देता येऊ नये?

याचं उत्तर औषधाच्या खिडकीशी मिळतं. 'पंधरा दिवसांच्याच आहेत, नंतर परत या.' तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या तर त्या भांडारात असाव्या लागतात. एचआयव्हीच्या गोळ्यांची खरेदी राष्ट्रीय पातळीवरून, पुढच्या मागणीचा अंदाज बांधून होते. राज्यातली खरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली गेली, पुरवठा रखडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. निविदा महिनाभर अडली की भांडारात साठा कमी होतो. साठा कमी झाला की फार्मासिस्ट तो पुरवून वापरतो आणि तीन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांचं औषध देतो. मग जो पेशंट वर्षातून चारदा यायचा तो चोवीस वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी टेबलापाशी कुणातरी नव्या पेशंटचं एक मिनिट घेऊन जातो. ओपीडीची रांग कमी करायची म्हणून अधिष्ठात्यांची बैठक होते, तेव्हा तिथे खरेदी करणारा अधिकारीही बसलेला असला पाहिजे. त्याच्यासमोर दोन आकडे ठेवले पाहिजेत. गेल्या महिन्यात किती पेशंट फक्त गोळ्यांसाठी आले, आणि बाकीच्यांना आत किती मिनिटं मिळाली.